भाचीचा भाव

बिश्केक, ३ मार्च

गुलसून मावशी,

सलाम. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही तुमच्या मनाने लावून घेता, म्हणून हे पत्र. सागिन ड्रायव्हर उद्या पहाटे आत-बाशीला निघतोय, त्याच्याकडे देते. सोबत चहा आहे आणि तुमच्या गुडघ्यांसाठी मलम.

बातमी अशी की जानेवारीत मी छापखान्यातली नोकरी सोडली. आईला कळवलेलं नाही. तिला कळलं तर ती रोज फोन करेल, आणि तिला ऐकू चांगलं येतं. आता घरूनच काम करते. दुकानांच्या पाट्या, खानावळींची मेनूकार्डं, दह्याच्या डब्यांवरची लेबलं, जे येईल ते. काम येतं हो, त्याची तक्रार नाही. तक्रार भावाची आहे.

एका खानावळवाल्याने माझा भाव ऐकून विचारलं, घरी बसूनच करतेस ना, मग एवढे कसले? एक बाई म्हणाल्या, त्यांच्या पुतण्याकडेही कॉम्प्युटर आहे. तिसरा म्हणाला, हे निम्म्यात कर, पुढचं काम मोठं देतो. पुढचं काम घेऊन तो काही आला नाही. आणि मी दर वेळी कमी करते, मावशी. तोंडातून 'बरं' निघून जातं. मग काम करताना मनात त्या माणसाला शिव्या घालत बसते, आणि चित्रही रुसल्यासारखं उतरतं.

तुम्ही चाळीस वर्षं लोकांचे लोकरीचे नमदे कापून दिलेत. शिर्दाक गालिच्यांवरची नक्षी कापून घ्यायला तुमच्याकडे कोचकोरहून माणसं यायची. तुमच्याशी कुणी घासाघीस केली नाही का? तुम्ही काय करायचात?

हे आत्ताच विचारण्याचं कारण म्हणजे एसेनकुल नावाचे एक गृहस्थ. इसिक-कुलच्या काठावर चौदा खोल्यांचं अतिथीगृह बांधतायत. पाटी, मेनू, प्रत्येक खोलीची माहितीपत्रकं, सगळं माझ्याकडून करून घ्यायचं म्हणतात. झालं तर माझं सहा महिन्यांचं भाडं सुटतं. पण तेही निम्म्यातच मागतायत. या वेळी मला भाव सोडायचा नाही. त्याऐवजी त्यांना काहीतरी छान भेट द्यावी आणि मन वळवावं असा विचार आहे. तुमच्याकडे एखादा छोटा शिर्दाक पडून असेल तर पाठवाल का? नाही म्हणायची तुम्हाला सोय नाही. बहिणीच्या लेकरानं आजोळी जे मागितलं ते द्यावंच लागतं. लहानपणी मी तुमचं सगळ्यात गोंडस कोकरू मागितलं होतं आणि तुम्ही दात-ओठ खात दिलं होतं, मला आठवतंय.

तुमची,
कानिशाय


आत-बाशी, १९ मार्च

कानिशाय बाळा,

चहा पोचला. मलमाने गुडघे बरे झाले नाहीत, पण वास इतका येतो की शेजारणी बसायला येईनाशा झाल्या, त्यामुळे पाय मोकळे पसरून बसता येतं.

नोकरी सोडलीस ते बरं केलंस की वाईट, मला कळत नाही. आईला मात्र तूच सांग. माझ्याकडून कळलं तर ती आधी माझ्याशी भांडेल.

आता भावाचं. आमच्या काळी नक्षी कापणारीने तोंडाने भाव सांगायचाच नाही अशी रीत होती. ज्या घरी कापायला जाऊ त्या घरानं आपणहून द्यायचं. कुणी कापड दिलं, कुणी मेंढी दिली, कुणी नुसताच आशीर्वाद. पण लोक तेव्हाही लोकच होते. हेडमास्तरांच्या बायकोची गोष्ट सांगते. तिने दोन नमदे आणले, एक लाल, एक तपकिरी. तुला ठाऊक आहे, दोन्ही एकावर एक ठेवून एकदाच कापतात. लालातून निघालेलं तपकिरीत बसतं, तपकिरीतलं लालात, आणि एका कापणीत दोन शिर्दाक होतात. बाईंनी हिशोब मांडला, की गुलसून, चाकू एकदाच फिरतो, दुसरा तर आपोआपच पडतो, तेव्हा दुसऱ्याचं तू काही घेऊ नयेस.

मी वाद घातला नाही. चाकू घेतला, मधोमध आले आणि थांबले. म्हटलं, बाई, निम्म्यात एवढंच होतं. चहा पिऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः आल्या, डोक्यावर नवं रेशमी फडकं बांधून, हातात त्याच्यासारखंच दुसरं माझ्यासाठी घेऊन.

तेव्हापासून मी हेच करत आले. माणूस भाव कमी मागतो तेव्हा त्याला नाही म्हणू नये, काम कमी करून दाखवावं. भाव तोच ठेवायचा. पाटी हवी तर पाटी घ्या, मेनू हवा तर त्याचे वेगळे. काय वगळायचं ते त्यालाच निवडू दे. आपण वगळलं तर तो रागावतो, त्याने वगळलं तर त्यालाच हळहळ वाटते.

इथे आम्हीही तेच शिकलो, उशिरा. तीन वर्षं शहरातले व्यापारी येऊन एकीला दुसरीचा भाव सांगायचे आणि सगळ्याजणींना खाली पाडायचे. गेल्या शरदात आम्ही शिर्दाक करणाऱ्या आठजणी बुरुलच्या घरी बसलो आणि ठरवलं, मोठा शिर्दाक तीस हजार सोमच्या खाली कुणी द्यायचा नाही. तेव्हापासून बरं चाललंय.

छोटा नव्हता माझ्याकडे. मोठा होता, लाल-निळा, या हिवाळ्यातला, तो सागिनकडे दिलाय. पैसे नकोत. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, तेव्हा लोकर आणि रंगाचे नऊ हजार झाले होते, तेवढे पाठव, बाकी एक शब्द बोलू नकोस. भाचीला काय भाव असतो?

नौरोजच्या शुभेच्छा. सणाचा सुमोलोक खाताना आमची आठवण काढ.

गुलसून


बिश्केक, ८ एप्रिल

मावशी,

तुमचा चाकू इथेही चालला. एसेनकुल दादांना म्हटलं, निम्म्या पैशांत पाटी आणि मेनू करून देते, खोल्यांची माहितीपत्रकं तुम्ही दुसरीकडून करून घ्या. ते हसले. म्हणाले, पोरगी आत-बाशीची दिसते. मग मी शिर्दाक उलगडला. मावशी, तुम्ही तो पाठवताना जरा तरी विचार करायचा होता, इतका सुंदर कुणी भेट देतं का? ते चपला काढून त्याच्याभोवती फिरले. पुढच्या दहा मिनिटांत पूर्ण भावात काम पक्कं झालं. घरी येऊन मी एकटीच नाचले.

आणखी मोठी बातमी पुढे आहे. त्यांना चौदाच्या चौदा खोल्यांत असेच शिर्दाक हवेत. केवढ्याला पडला म्हणून त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मावशीने नऊ हजार घेतले, पण मी भाची आहे, माझी गोष्ट वेगळी. ते म्हणाले, मग मला केवढ्याला? मी म्हटलं, तुम्ही जाऊन बोला, मावशी मनाची मोठी आहे, नीट भाव लावेल. त्यांना तुमचा पत्ता दिलाय. चौदा, मावशी! सगळ्या आठजणींचं वर्ष निघेल. आता माझं कौतुक करा.

नऊ हजार सागिनकडे दिलेत, सोबत सुके जर्दाळू.

कानिशाय


बिश्केक, १५ मे

मावशी,

महिना झाला, उत्तर नाही. सागिन म्हणतो तुम्ही बाजारात दिसलात, तब्येत ठीक होती, पण पत्राचं विचारलं तर म्हणालात लिहून झालं नाही. हाताला काही झालंय का? एसेनकुल दादा तिकडे जाऊन आले म्हणतात, सगळं छान जमलं म्हणतात, तुमच्या बायका फार साध्या आहेत म्हणतात. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

माझं काम जोरात आहे. पाटी झाली, मेनू झाला, आता खोल्यांची पत्रकं घेतलीत.

कानिशाय


आत-बाशी, २७ मे

कानिशाय,

हाताला काही झालेलं नाही. लिहायचं काय ते कळत नव्हतं. दोन पत्रं लिहिली, दोन्ही चुलीत घातली.

तुझे एसेनकुल पांढऱ्या गाडीतून आले. अख्खी मेंढी आणली, मिठाई आणली, आणि बुरुलच्या घरी मानाच्या जागेवर बसले. आम्ही आठहीजणी होतो. आधी त्यांनी आपल्या आजीचं घराणं सांगितलं. ती म्हणे आत-बाशीची, आमच्याच कुळातली, म्हणजे ते आमचे भाचे. मग जेवणाच्या दस्तरखानावर हात ठेवून म्हणाले, कानिशायला तुम्ही नऊ हजारांत दिलात, ती भाची, मी भाचा, मलाही नऊच लावा, चौदा घेतो.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बुरुलने विचारलं, "गुलसून, तुझा केवढ्याला गेला?" भेट होती असं म्हणाले असते तर तो म्हणाला असता, मग मलाही भेट द्या. शिवाय बायकांनी विचारलं असतं की भाची मावशीच्या भेटीचा भाव शहरभर का सांगत फिरते. तुझं नाव त्या दस्तरखानावर निघावं असं मला वाटलं नाही. म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहिलेल्या माणसाबद्दल लोक काय समजायचं ते समजतात. त्यांनी समजून घेतलं की तीस ठरवून मीच पाठीमागे नऊला विकते.

मेंढी शिजली तेव्हा माझ्या ताटात मानाचं हाड नव्हतं. वीस वर्षं त्या घरी नक्षी कापणारीचं म्हणून जे हाड मला मिळायचं ते बुरुलच्या नणंदेकडे गेलं. मी खाल्लं, आभार मानले आणि घरी आले.

चौघीजणींनी नऊला होकार दिलाय. त्यांना चूक म्हणवत नाही, हिवाळ्याचा चारा आत्ताच घेऊन ठेवावा लागतो. बाकीच्या तिघी भांडतायत. माझ्याकडे त्यानंतर कुणी कापायला नमदा घेऊन आलं नाही. कच्च्या हाताच्या एकीला बसवलंय, ती नक्षी इतकी आखडून कापते की मेंढ्याच्या वळणदार शिंगाच्या जागी काडी दिसते. पुढच्या महिन्यात कुरणावर जायचं, निम्म्या बायका वर जातील, तोवर हे असंच राहिलं तर शरदात तीस हजाराचं नाव काढायला कुणी उरणार नाही.

तू खोटं बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. पण तू म्हणालीस की चाकू चालला. बाळा, तुझा भाव तू वाचवलास, आणि त्या माणसापुढे माझा ठेवलास. मला विचारायचं होतंस. मला वाईट वाटलं, हे सांगते, कारण सांगितलं नाही तर तुला कळणार नाही.

जर्दाळू चांगले होते.

गुलसून


बिश्केक, १ जून

मावशी,

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. मी काय केलं? त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. भाची आहे म्हणून नऊ, हेही सांगितलं. तो माणूस भाचा बनून बसेल हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि तुम्ही तिथेच का नाही बोललात? माझं नाव निघालं असतं तर निघालं असतं. तुम्हाला माझी लाज वाचवायची होती, आणि त्याचं खापर आता माझ्यावर फुटतंय.

तरी चूक माझीच आहे, हे मी दोन दिवस घालवून मान्य केलंय. सोबत एकवीस हजार आहेत. तीस पूर्ण झाले. बुरुलला दाखवा आणि सांगा की भाचीनेही पुरा भाव दिला.

कानिशाय


आत-बाशी, ५ जून

कानिशाय,

पैसे परत पाठवतेय. लोकर-रंगाचं तेवढं घेतलं, त्यापुढे भाचीला दिलेल्या वस्तूचे पैसे या घरात घेत नाहीत, तू कितीही मोठी हो. आणि बुरुलला दाखवले तर ती म्हणेल, बघा, चोरी उघडी पडली तेव्हा भरपाई आली.

जे सगळ्यांसमोर मोडलं ते सागिनच्या टॅक्सीतून पाकिटात घालून जोडता येत नाही. एवढंच लिहिते.

गुलसून


बिश्केक, ९ जून

मावशी,

काल एसेनकुल दादांकडे गेले होते. त्यांना म्हटलं, तो भाव नव्हता, ती भेट होती, आणि भेटीची किंमत तुम्हाला सांगण्याचा मला हक्क नव्हता. शिर्दाकचा भाव तीस आहे. ते आधी हसले. मग म्हणाले, कानिशाय, तू तुझं काम सांभाळ, बायकांचं मी बघतो, तुला काय नडलंय? मी म्हटलं, माझं काम तुम्ही पुऱ्या भावात घेतलंत ते माझ्या मावशीच्या जिवावर. मला ते नको असं म्हणणार नाही, झालेल्याचे पैसे मी घेणारच. पण खोल्यांची पत्रकं दुसऱ्याकडून करून घ्या.

खरं तर हे शेवटचं वाक्य मी ठरवून गेले नव्हते, तोंडातून गेलं. जिन्यात आल्यावर हिशोब केला. तीन महिन्यांचं भाडं तिथेच राहिलं. आता आईला नोकरीचंही सांगितलंय, ती रडली आणि मग तुमच्यावर रागावली, का ते तिलाच माहीत.

गुरुवारी सागिनसोबत येतेय. आपल्याकडे चूक झालेल्याने हात हलवत जायचं नसतं, म्हणून दोन मेंढ्यांचे पैसे जवळ ठेवलेत, नारीनच्या बाजारातून घेते. बुरुलच्या घरी सगळ्यांना बोलवाल का? नाही बोलावलंत तर मी स्वतः दारोदार जाईन, आणि मग तुम्हालाच लाज वाटेल.

कानिशाय


आत-बाशी, २६ जून

कानिशाय बाळा,

तू गेल्यावर लगेच लिहिणार होते, पण मधे बरंच घडलं, आणि सागिनही आठवडाभर वर कुरणावर सासूला सोडायला गेला होता.

त्या दिवशी तू बुरुलच्या घरात उभी राहून बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही. तू उंबऱ्याजवळ होतीस आणि मी पार आत. मी बायकांचे चेहरे बघत होते. नंतर बुरुलच्या सुनेने मला कानाशी येऊन पुन्हा सांगितलं, "ती म्हणाली, मावशीने मला शिर्दाक दिला होता, विकला नव्हता. माझा भाव राहावा म्हणून तिचा भाव मीच विकून आले." ते मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तू एवढ्या बायकांसमोर बोललीस, तेही मेंढ्या ओढत आणून. एक मेंढी जरा रोड होती, पण ते कुणी काढलं नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी एसेनकुल बुरुलच्या घरी आले, ठरलेल्या चौदा शिर्दाकांचे आगाऊ पैसे द्यायला. पुन्हा आजीचं घराणं सुरू केलं. बुरुल चहा ओतत होती. किटली खाली ठेवून ती म्हणाली, "भाचा असशील तर ये, जेव, मुक्काम कर, जाताना कोकरू घेऊन जा. शिर्दाक विकत घ्यायला आला असशील तर तू गिऱ्हाईक आहेस, आणि गिऱ्हाइकाला तीस. नऊच द्यायचे असतील तर नऊला तीन बसकरं मिळतील, बसायला पुरतात." ज्या चौघींनी होकार दिला होता त्यासुद्धा मान हलवत होत्या. शहाणी बाई आहे, मी तिला कधी सांगितलं नव्हतं ते हेडमास्तरांच्या बायकोचं, तरी तिला सुचलं.

ते चिडले, उठले, गाडीपर्यंत गेले, परत आले. शेवटी पाच मोठे घेतलेत तीसने, आणि बाकीच्या खोल्यांसाठी बसकरं. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही त्यांचा, तुझ्या नावाने बडबडत होते. तुझं काम तिथून परत येईल असं मला वाटत नाही. ते तू गमावलंस, आणि इथे आम्ही नऊजणी ते विसरणार नाही. नववी तू.

आता खरी बातमी. काल दुपारी बुरुल माझ्याकडे आली. दोन्ही काखेत दोन नमदे. आत आली, नमदे जमिनीवर एकावर एक पसरले आणि म्हणाली, काप. बाकी काही नाही. माफी नाही, मागचं काही नाही. मी चाकू शोधला, धार लावली, आणि मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा मी कापायचा भाव तोंडाने सांगितला. तुझी पत्रं वाचून वाचून मला सवय लागली असेल.

बुरुलने नमद्याची कड सरळ केली. मग म्हणाली, "एवढे? थोडे कमी कर की गं."

दीड महिना या घरी कुणी माझ्याशी घासाघीस केली नव्हती. दीड महिना कुणी मला काही मागितलंच नव्हतं. मला एकदम रडू आलं, बाळा, चाकू हातात तसाच. बुरुल घाबरली. तिला वाटलं तिने कमी मागितलं म्हणून मी रडते. ती म्हणाली, बरं बाई, देते सगळे, रडू नकोस.

मी तिचा गैरसमज दूर केला नाही. पुरे घेतले.

तुझी मावशी,
गुलसून